विचारा की! : मैदानाच्या कडेचा तो बॅगवाला माणूस व्हायचं तर काय शिकायचं?

मागच्या महिन्यात याच पानावर मी लिहिलं होतं की आपल्या भागात मैदानं भरपूर, खेळाडू भरपूर, पण मैदानाच्या कडेला दुखापत बघणारा शिकलेला माणूस शोधून सापडत नाही. त्यावर इतके मेसेज आले की या वेळचं अख्खं पान त्यालाच देतेय. अमेरिकेत या कामाला ॲथलेटिक ट्रेनिंग म्हणतात आणि ते तिथं रीतसर हेल्थ प्रोफेशन आहे, बहुतेकांना त्याच्या शिक्षणाबद्दलच विचारायचंय. लांब पत्रं थोडी कापलीत, नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी खानापूर तालुक्यातला, सेकंड पीयू (बारावी) सायन्सला आहे. कबड्डी खेळतो. यूट्यूबवर अमेरिकेच्या कॉलेज मॅचमध्ये एकजण कमरेला बॅग लावून पळत आत येतो, प्लेयरचा गुडघा हलवून बघतो आणि तो नाही म्हणाला की कोचपण गप्प बसतो. त्याला ॲथलेटिक ट्रेनर म्हणतात असं कळलं. घरी सांगितलं मला हे व्हायचंय तर बाबा म्हणाले जिममध्ये डंबेल उचलायला शिकवायला सायन्स कशाला घेतलास. हे काम खरंच वेगळं आहे काय? शिक्षण काय लागतं, आणि आपल्याकडं होतं काय?

उत्तर : पहिलं काम, हे पान बाबांच्या हातात दे.

जिममधला ट्रेनर ठणठणीत माणसाकडून व्यायाम करून घेतो. तू बघितलास तो माणूस दुखापत ओळखतो, जागेवर उपचार करतो, हा प्लेयर आज परत आत जाणार की नाही ते सांगतो, आणि मग पुढं सहा आठवडे लागोत का सहा महिने, तो परत खेळायला लायक होईपर्यंत त्याच्या मागं असतो. काम डॉक्टरच्या मार्गदर्शनाखाली चालतं, पण मैदानावर दरवेळी डॉक्टर नसतो, तेव्हा पहिला निर्णय ह्याचाच. आणि दुखापत झाल्यावरचं काम हे अर्धंच. सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाची तपासणी, कुणाला दमा आहे, कुणाच्या घरी कमी वयात हार्टचा त्रास झालाय, कुणाचा घोटा आधी मुरगळलाय, ऊन किती आहे, प्रॅक्टिस किती वाजता ठेवायची, ॲम्ब्युलन्स कुठल्या गेटनं आत येणार, हे सगळं आधी लिहून ठेवणं पण त्याच्याकडंच.

अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९९० साली ह्या कामाला आरोग्य क्षेत्रातला व्यवसाय म्हणून मान्यता दिली. त्यांची राष्ट्रीय संघटना त्याच्याही आधीची, १९५० ची, कॅन्सस सिटीत सुरू झालेली, आणि सर्टिफिकेटची पहिली परीक्षा १९७० ला झाली. त्याच्या आधी तिथंही तेल चोळणारे, पट्ट्या बांधणारे, पाण्याची बादली घेऊन पळणारे लोकच हे काम करायचे, आपल्या तालमीत मालिश करणारे मामा असतात तसेच, आणि त्यांच्यातूनच हळूहळू हे शिक्षण उभं राहिलं. हे मुद्दाम सांगते कारण आपल्याकडं लगेच कुणीतरी म्हणणार की ही परदेशातली थेरं, आपल्याला काय करायचीत.

आता शिक्षण. पूर्वी तिथं चार वर्षांच्या डिग्रीवर भागायचं. २०१५ साली ठरलं की ह्या व्यवसायात येण्यासाठी मास्टर्सच पाहिजे, आणि २०२२ नंतर जुन्या बॅचलर कोर्सला नवीन मुलं घेणं बंद झालं. म्हणजे आता आधी एक डिग्री, त्यात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, सायकॉलॉजी, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी झालेलं असायला पाहिजे, आणि त्यावर साधारण दोन वर्षांचं मास्टर्स. कोर्सला सीएएटीई नावाच्या संस्थेची मान्यता असावी लागते, ती नसेल तर डिग्री मिळाली तरी पुढची परीक्षा देता येत नाही. शिकताना वर्गात बसून भागत नाही, खऱ्या टीमबरोबर, क्लिनिकमध्ये, अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करावं लागतं, आणि त्यातही निदान सलग चार आठवडे असे पाहिजेत की मुलगा पूर्णवेळ तेच काम करतोय, दुसरं काही नाही. मला ही अट फार आवडते. कारण घोटा सुजलेला पुस्तकात बघणं वेगळं आणि समोर पोरगं ओरडतंय, कोच डोक्यावर उभा आहे, मॅच थांबलीय, तेव्हा बोटानं नेमकं हाड कुठं दुखतंय ते दाबून बघणं वेगळं.

त्यानंतर बोर्ड ऑफ सर्टिफिकेशनची परीक्षा. पास झालं की नावापुढं एटीसी, म्हणजे सर्टिफाइड ॲथलेटिक ट्रेनर, असं लावता येतं. मग बहुतेक राज्यांत लायसन्स वेगळं काढायचं. आणि एकदा झालं म्हणजे सुटलो असं नाही, दर दोन वर्षांत ५० क्रेडिटचं नवीन शिक्षण दाखवावं लागतं.

आपल्याकडं ॲथलेटिक ट्रेनर नावाची वेगळी डिग्री, वेगळं लायसन्स असं रुळलेलं नाही. त्या कामाच्या सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे फिजिओथेरपी. पीयूला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेऊन बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री, आतापर्यंत इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची (हा कालावधी आणि नियम आता बदलतायत, ॲडमिशनच्या वर्षी नीट बघ), आणि त्यावर दोन वर्षांचं एमपीटी, म्हणजे त्यातलंच मास्टर्स, ते स्पोर्ट्स फिजिओथेरपीत केलं तर उत्तम. २०२१ साली केंद्रानं अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे पुढं रजिस्टर, लायसन्स हे सगळं रीतसर होणार. प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे, प्रत्येक टीमबरोबर फिजिओ असतो, मॅच बघताना रेडरकडं बघतोस तसं एकदा बेंचकडं पण बघ.

कॉलेज लांब शोधायची गरज नाही, बेळगावात केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, हुबळी-धारवाड बाजूला आहेत, बेंगळूरला तर भरपूर. पलीकडं कराड, कोल्हापूर, पुणे. महाराष्ट्रात जायचं मनात असेल तर तिथं फिजिओथेरपीच्या ॲडमिशनला नीट (NEET) ह्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरावा लागतो हे आधीच लक्षात ठेव, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात काही कोर्सना वेगळी सोय असते, तुझं गाव त्या यादीत आहे का आणि तुझ्या कोर्सला ती लागू आहे का हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तकातच बघायचं, कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही. बॉण्ड पेपर, दाखले, मातृभाषेचा पुरावा ह्यासाठी तहसीलदार ऑफिसच्या फेऱ्या होतात, रिझल्टची वाट बघत बसू नकोस.

आणि पटियाळाच्या एनआयएसचं, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्सचं, नाव कुणीतरी तुला सांगणारच. ती १९६१ पासूनची मोठी संस्था आहे, पण तिथला प्रसिद्ध डिप्लोमा कोच होण्यासाठीचा आहे. कोच आणि उपचार करणारा ही दोन वेगळी माणसं असायला पाहिजेत, कारण मॅच जिंकायची घाई असलेल्या माणसानं गुडघा तपासू नये.

प्रश्न : मी निपाणीची. मुलगी बीपीटीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे, आता म्हणते अमेरिकेत जाऊन ॲथलेटिक ट्रेनिंगचं मास्टर्स करणार. एका कन्सल्टन्सीवाल्यानं सांगितलं की बीपीटी असल्यामुळं तिकडं लगेच काम सुरू करता येईल, शिकत शिकत कर्ज फिटेल. ह्यांनी शेत गहाण टाकायची तयारी केलीय. काय करावं ताई?

उत्तर : काकू, शेत गहाण टाकायच्या आधी थोडं थांबा आणि मुलीला शेजारी बसवून हे वाचा.

लगेच काम सुरू करता येईल हे खोटं आहे. तिकडं फिजिओथेरपिस्ट आणि ॲथलेटिक ट्रेनर हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, दोन्हीची लायसन्स वेगळी. तिकडच्या मुलांना फिजिओथेरपिस्ट व्हायला डॉक्टरेट लेव्हलचा तीन वर्षांचा कोर्स करावा लागतो, आपल्या बीपीटीवर आपोआप तिथं पेशंटला हात लावता येत नाही. ॲथलेटिक ट्रेनर व्हायचं तर मी वर सांगितलं ते मास्टर्स, परीक्षा, लायसन्स हे सगळं पार करावं लागणार. बीपीटीचा फायदा नक्की आहे, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी सगळं झालेलं असतं त्यामुळं ॲडमिशनच्या अटी बऱ्याचशा पूर्ण होतात, पण कुठले विषय धरायचे ते प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं, मार्कलिस्ट तिकडच्या पद्धतीनं तपासून घ्यावी लागते. आणि विद्यार्थी व्हिसावर कामाला मर्यादा असतात, त्या कमाईत कर्ज फिटत नाही.

खर्चाचं सांगायचं तर फी आणि राहणं-खाणं मिळून चाळीस-पन्नास लाखांच्या घरात सहज जातं, कॉलेजप्रमाणं कमीजास्त. तिकडं ह्या कामाचा पगार साधारण वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास, तिथल्या डॉक्टर, इंजिनिअरच्या मानानं कमी. आणि शिकून झाल्यावर तिथं राहायला मिळेलच ह्याची हमी कुणी देऊ शकत नाही, कन्सल्टन्सीवाला तर नाहीच नाही. मुलीला सांगा, सीएएटीईच्या वेबसाइटवर मान्यता असलेल्या कोर्सची यादी असते, कन्सल्टन्सीवाल्यानं सांगितलेलं कॉलेज त्यात आहे का ते तिनं स्वतः बघावं. यादीत नसेल तर विषय तिथंच संपला.

माझं मत विचाराल तर बीपीटी पूर्ण करू दे, इंटर्नशिप मन लावून करू दे, एक-दोन वर्षं एखाद्या टीमबरोबर, ॲकॅडमीत काम करू दे. मग इथलं एमपीटी स्पोर्ट्स करायचं की बाहेर जायचं ते तिचं तिलाच कळेल. तिला खेळाडूंबरोबर काम करायला आवडतं की नुसतं अमेरिकेचं आकर्षण आहे, हे मैदानावर महिनाभर उन्हात उभं राहिलं की समजतं. आवडलंच, तर तिच्या पाठीशी उभ्या राहा काकू, हे चांगलं काम आहे.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी गावात तालीम चालवतोय, पोरं बरी हायत, सराव मातीवर आणि मॅटवर दोन्ही. आमच्या यात्रेचं मैदान एप्रिलात असतंय. मागल्या साली एक पोरगं कुस्ती सुटल्यावर चक्कर येऊन पडलं, अंग तव्यासारखं तापलेलं, काय बी बडबडाय लागलं, आम्ही गाडीत घालून दवाखान्यात नेलं, देवाच्या दयेनं वाचलं. तुमचा लेख वाचला. शिकलेला माणूस ठेवायला तालमीकडं पैसा न्हाई. आम्ही काय करावं, आणि आमच्यातलं कोण हे शिकू शकतंय काय?

उत्तर : वस्ताद, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरगं वाचलं हे मोठं झालं.

ते पोरगं बडबडायला लागलं म्हणजे तो साधा उन्हाचा त्रास नव्हता. मेहनतीनं अंगातली उष्णता ४० डिग्री सेल्सियसच्या वर गेली आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, की तो उष्माघात, आणि त्यात जीव जातो. ॲथलेटिक ट्रेनरना ह्याबद्दल एक गोष्ट अगदी पाठ करायला लावतात, आधी थंड करायचं, मग हलवायचं. दवाखाना अर्धा तास लांब असेल तर तो अर्धा तास गाडीत जातो आणि मेंदू, किडनी, लिव्हर आतल्या आत भाजत राहतं. पहिल्या अर्ध्या तासात अंग खाली आणलं तर जवळजवळ सगळी पोरं वाचतात.

कसं करायचं ते सांगते. मैदानाच्या दिवशी सावलीत एक मोठा प्लास्टिकचा टब किंवा गुरांना पाणी पाजायची सिमेंटची टाकी पाण्यानं भरून ठेवा, आणि बर्फाच्या दोन-तीन लाद्या गोणपाटात गुंडाळून शेजारी. असं कुणी पडलं की बर्फ फोडून पाण्यात टाकायचा, पोराला मानेपर्यंत त्यात बसवायचं, दोघांनी काखेतून धरायचं म्हणजे तोंड पाण्यात जाणार नाही, आणि हातानं पाणी ढवळत राहायचं, न ढवळता अंगाभोवतीचं पाणी गरम होऊन बसतं. त्याच वेळी तिसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. कपाळाला लावायच्या किंवा काखेतल्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका, मेहनत केलेल्या अंगाचं खरं टेम्परेचर त्यात कळत नाही, साधारण १०-१५ मिनिटं पाण्यात ठेवायचं आणि मग ॲम्ब्युलन्समध्ये. टब नसेल तर ओल्या बर्फाळ चादरी अंगभर, दर मिनिटाला बदलायच्या. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात लिंबू-सरबत ओतू नका, श्वासनळीत जातं. दुपारी दोनची कुस्ती पाचला घेता आली तर ह्यातलं निम्मं टळतंय, पंचकमिटीशी बोलून बघा.

दुसरं खांद्याचं. एका मैदानात मी पुढच्याच रांगेत होते, हलगी जोरात चालू होती, एका मल्लाचा हात पाठीमागं गेला आणि तो मातीत तसाच बसून राहिला. खांद्याची गोलाई गेलेली, वरचं हाडाचं टोक कातडीखाली दिसत होतं, कोपर अंगाला टेकवत नव्हता. दोघेजण लगेच पाय रोवून हात ओढायला पुढं झाले, बसवतो म्हणून. मी आत गेले तेव्हा आधी त्याच्या मनगटाची नाडी बघितली, बोटं हलवायला लावली, दंडाच्या बाहेरच्या बाजूला हात लावून कळतंय का विचारलं, कारण तिथली नस अशा वेळी दबते. मग एका म्हाताऱ्या पैलवानानं काही न बोलता डोक्याचा फेटा सोडून माझ्या हातात दिला. फेट्यानं हात आहे त्याच ठिकाणी अंगाशी बांधला, एक्स-रे काढून मग डॉक्टरनं बसवला. ओढून बसवताना हाडाचा तुकडा निघतो, नस तुटते, आणि मग तो खांदा जन्मभर निसटत राहतो. तुमच्या मैदानात फेट्यांना काही तोटा नाही वस्ताद, तेवढा वापर करा.

मानेवर पडलेल्या पोराला तर अजिबात उचलू नका, मान सरळ करायला जाऊ नका, एकानं डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरून ठेवायचं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडायचं नाही. डोक्याला मार लागून भोवळ आली, काही क्षण काय झालं ते आठवेना, तर कांदा हुंगवून परत उभं करायचं नाही, त्या दिवशी कुस्ती बंद. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, झोप आवरेना तर सरळ मोठ्या हॉस्पिटलला.

आणि वजनाचं. अंगावर प्लास्टिक गुंडाळून पळवणं, दोन दिवस पाणी तोडणं हे अजून चालतं ते मला माहीत आहे. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतरानं वारले. त्यानंतर तिथं रबर सूट, सॉना बंद केले, सीझनच्या आधी लघवी तपासून अंगात पाणी पुरेसं आहे का बघतात आणि मगच कुणी किती कमी वजनापर्यंत जायचं ते ठरवतात, ह्या तपासणीच्या कामात ॲथलेटिक ट्रेनर असतात. तुमच्या तालमीत एक साधा वजनकाटा आणि वही ठेवा, सरावाच्या आधी आणि नंतर वजन लिहा, जेवढं घटलं ते पाणीच गेलेलं असतं, ते भरून काढल्याशिवाय दुसऱ्या दिवशी जोर-बैठका नकोत.

तुमच्यातलं कोण शिकू शकतंय, तर दोन प्रकारे. तालमीतल्या दोघा-तिघांना फर्स्ट एड आणि सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायचं, ट्रेनिंग द्या, रेड क्रॉस, मोठी हॉस्पिटलं अशी शिबिरं घेतात, एक-दोन दिवसांचं काम आहे. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबायची हे हातानं केल्याशिवाय येत नाही, आणि मातीतल्या माणसाच्या हातात ताकद असतेच. दुसरं, तुमच्या पोरांत कुणी सायन्सला असेल, कुस्तीत फार पुढं जाणार नाही असं तुम्हाला दिसत असेल पण तालीम सोडवत नसेल, त्याला बीपीटीला पाठवा. त्याला डाव माहीत असतो, ढाक कुठं बसते आणि गुडघा कशात जातो हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पैसा नसेल तर जवळच्या फिजिओथेरपी कॉलेजच्या प्रिन्सिपलना पत्र लिहा, मैदानाच्या दिवशी इंटर्न मुलं आणि एक शिक्षक पाठवा म्हणून. मुलांना शिकायला मिळतं, तुम्हाला माणूस मिळतो. पत्र कसं लिहायचं ते हवं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी लिहून देते.

प्रश्न : हायस्कूलला पीई टीचर आहे, चिकोडी तालुका. ऑनलाइन सहा आठवड्यांचा स्पोर्ट्स इंज्युरी सर्टिफिकेट कोर्स आहे, १८ हजार फी, शेवटी सर्टिफाइड ॲथलेटिक ट्रेनर असं सर्टिफिकेट देणार म्हणतात. करू काय?

उत्तर : सर, शिकण्यासाठी म्हणून कुठलाही कोर्स करा, टेपिंग, वॉर्म-अप, दुखापत ओळखणं ह्यातलं थोडं तरी हाती लागेल. पण ते नाव लावू नका. सहा आठवड्यांत घरी बसून कुणी आरोग्यसेवेतला माणूस होत नाही आणि अशा सर्टिफिकेटवर तिकडच्या परीक्षेला बसता येत नाही. १८ हजारांत शाळेसाठी चांगली फर्स्ट एड किट, स्ट्रेचर, बर्फासाठी आइस बॉक्स आणि तुमचं सीपीआर ट्रेनिंग एवढं सगळं होऊन वर पैसे उरतील. शाळेच्या किटमध्ये नुसता पेन स्प्रे आणि कापूस असतो, त्यात क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, ओआरएस, ग्लोव्हज, कात्री आणि प्रत्येक मुलाच्या घरचा फोन नंबर व आजाराची नोंद असलेला कागद ठेवा. तो कागद सगळ्यात महत्त्वाचा.

प्रश्न : मी दहावीला आहे, मुलगी, बेळगावजवळचं गाव. खो-खो खेळताना माझ्या ताईचा गुडघा आतून तुटला, लिगामेंट, ऑपरेशन झालं, पण नंतर व्यायाम कुणी नीट करून घेतला नाही, आता ती खेळत नाही. मला हेच काम शिकायचंय. आई म्हणते मुलीला तालमीत, मैदानावर कोण हात लावू देणार, त्यापेक्षा नर्सिंग कर. आणि पीयूला कुठलं कॉम्बिनेशन घेऊ? मैत्रिणी सगळ्या कॉम्प्युटर घेतायत.

उत्तर : बाळ, तुझ्या ताईचं वाचून वाईट वाटलं. त्या गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, विशेषतः उडी मारून उतरताना, एकदम दिशा बदलताना गुडघा आत वळला की, आणि खो-खोत तर सगळा खेळच दिशा बदलण्याचा. ऑपरेशन म्हणजे अर्धं काम. त्यानंतर नऊ महिने ते वर्षभर मांडीचे स्नायू, उतरायची पद्धत, पळणं, वळणं असं टप्प्याटप्प्यानं करून घ्यावं लागतं, आणि शेवटी दोन्ही पायांची ताकद मोजून मगच मैदानात सोडायचं. ताईला सांग, खेळायचं असेल तर अजून दारं बंद झालेली नाहीत, स्पोर्ट्समधला फिजिओ गाठा, गुडघा तपासून घ्या. एका पायावर खुर्चीवरून उठता येतंय का, दोन्ही मांड्यांचा घेर सारखा आहे का, एवढं तर घरीच बघता येतं.

आईच्या बोलण्यात काळजी आहे, ती समजून घे. मी पहिल्यांदा तालमीच्या दारात उभी राहिले तेव्हा मलाही आत बोलवायला कुणी तयार नव्हतं. गेले ती खांदा दुखणाऱ्या एका पैलवानासाठी, त्याचा खांदा बरा झाला, मग दुसरा आला, आता मुलं स्वतः दाखवायला येतात आणि वस्ताद चहा सांगतात. आणि मुली खेळतायत की! आपल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या एशियन गेम्सला कुराशमध्ये, म्हणजे ज्युडोसारख्या कुस्तीत, ब्राँझ आणलं. गावागावात मुली ज्युडो, कुस्ती, कबड्डी, खो-खो खेळतायत, त्यांच्यातल्या कितीतरी जणी मांडी, कंबर, पाळीचा त्रास पुरुष फिजिओला सांगत नाहीत, दुखणं अंगावर काढतात. तिथं तूच लागणार आहेस. आईला हे असं सांगून बघ, ऐकेल.

नर्सिंग चांगलंच आहे, पण तुला ते करायचं नाहीये तर उगाच त्यात जाऊ नकोस. पीयूला पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी घे. कॉम्प्युटर कॉम्बिनेशनला बायोलॉजी नसतं, आणि बायोलॉजी नसेल तर बीपीटीचं दार तिथंच बंद होतं, नंतर कितीही वाटलं तरी उघडत नाही. मराठी मीडियममधून आलीस तर पहिले चार-सहा महिने इंग्लिश शब्द जड जातील, हाडांची आणि स्नायूंची नावं तर सगळ्यांनाच जड जातात, इंग्लिश मीडियमवाल्यांनापण. आत्तापासून एक वही कर, रोज पाच नावं, आणि ती ताईच्या पायावर हात ठेवून पाठ कर, मांडीच्या पुढच्या चार स्नायूंपासून सुरू कर, तिच्याही कामाला येतील.